भिजवलेले फिल्टर

मी नागपूर सोडलं त्या दिवशी आमच्या अंगणात कूलर उघडा पडला होता. होळी होऊन दहाएक दिवस झाले होते आणि होळीनंतरचा दुसरा रविवार हा आमच्या घरी कूलरचा रविवार, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. माझ्या दोन बॅगा दारात उभ्या होत्या. आई सांडग्या मिरच्यांची पिशवी तिसऱ्यांदा उघडून पुन्हा बांधत होती. आणि बाबा बनियनवर अंगणात बसून कूलरच्या ताट्यांमधलं जुनं गवत उपसत होते.

"पोरगा देश सोडून चालला, अन् तुम्ही हे काय काढून बसले?" आई म्हणाली.

"त्याची फ्लाइट साडेसहाला आहे. ताट्या आत्ता भिजवल्या तर उद्या बसवता येतात," बाबा म्हणाले.

ज्यांनी विदर्भातला उन्हाळा काढलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कूलर म्हणजे लोखंडी पेटारा, आत पंखा, खाली पाण्याची टाकी, आणि तीन बाजूंना जाळीत भरलेलं गवत किंवा वाळा. या भरलेल्या जाळ्या म्हणजे ताट्या. त्यांच्यावरून पाणी झिरपतं, पंखा त्यातून हवा ओढतो आणि घर जगण्यालायक होतं. ताट्या दरवर्षी नव्या भरायच्या आणि बसवण्याआधी रात्रभर भिजत घालायच्या. त्यातला भुसा आणि पिवळा रंग निघून जायला हवा, नाहीतर नळ्या तुंबतात. बाबा आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवायचे. तीसेक वर्षांत किती मुलांना त्यांनी कानस धरायला शिकवलं असेल देव जाणे. त्यामुळे गल्लीतले निम्मे कूलर त्यांच्या हाताखालून जायचे. मी मात्र त्या कामातून हमखास पळ काढायचो. मला कॉम्प्युटरचं जमायचं, ग्रीसचं नाही.

विमानतळावर बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या मनगटाला गवताची काडी चिकटलेली होती. "फोन करत जा" एवढंच म्हणाले. आई रडली, मी रडलो, बाबा पार्किंगच्या पावतीवरची वेळ वाचत राहिले. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. आता मी विलायतेत, वेम्बलीत राहतो, आठव्या मजल्यावर, खिडकीतून मेट्रोपॉलिटन लाइनचे रूळ दिसतात. तुम्ही जे तिकडेच राहिलात त्यांना मी फोनवर नेहमी सांगतो की इथे सगळं मिळतं. खरंच मिळतं. ईलिंग रोडला कढीपत्त्यापासून करवंदापर्यंत काहीही मिळतं, आणि गणपतीत तर मोदकाचं सारणसुद्धा तयार मिळतं. तुम्ही जे माझ्यासारखे इकडे आलात, त्यांना वेगळं काही सांगायची गरज नाही. सगळं मिळणाऱ्या जागी कशाची आठवण येत असते हे तुम्हाला ठाऊक आहे.

या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा मला सगळ्यात चमत्कारिक वाटलं ते एक कपाट. वॉशिंग मशीनच्या वर, पांढऱ्या दाराआड, एक पेटी भिंतीला टांगलेली होती. घर विकणारी बाई म्हणाली की या बिल्डिंगच्या खिडक्या थंडीत उघडायची गरजच नाही, ही पेटी बाहेरची हवा आत आणते, आतली बाहेर टाकते, आणि जाता जाता बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब आत येणाऱ्या हवेला देते. मी मान डोलावली. आमच्या नागपूरच्या घरात उन्हाळा सोडला तर दारं सताड उघडी असायची, कुत्रं, मांजर, शेजारी, भाजीवाली, सगळे आरपार जायचे. इथे आमच्या, नवरा-बायको आणि मुलगी अशा तिघांच्या श्वासासाठी एक मशीन होतं आणि त्याला दोन फिल्टर होते.

ते फिल्टर बदलायचे असतात हे मला तीन वर्षं कळलंच नाही. पेटीवर एक पिवळा दिवा लागलेला असायचा, तो मला चांगलाच वाटायचा. शेवटी बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला, आणि मी दार उघडून फिल्टर ओढून काढला. बाहेरच्या हवेचा फिल्टर काळा कुळकुळीत झाला होता आणि त्यात चिलटं अडकलेली होती. आतल्या हवेचा करडा, लोकरीसारखा झाला होता. मृणाल, म्हणजे माझी बायको, तो बघून म्हणाली, "हे आपण घेत होतो छातीत?" मी म्हटलं, "नाही, हे आपण घेत नव्हतो. म्हणूनच तर इथे आहे." तिला ते पटलं नाही आणि तिने त्या दिवशी सगळ्या खिडक्या उघडल्या.

मग मी अभ्यासाला लागलो. ग्रुपवर यावरून दोन तट होते. एक म्हणायचा कंपनीचेच फिल्टर घ्या, दुसरा म्हणायचा तशाच मापाचे दुसऱ्याचे घ्या, डोळ्यांवर पट्टी बांधली तर फरक कळणार नाही. शिवाय प्रतीचा प्रश्न. जी-फोर म्हणजे जाड जाळी, धूळ आणि किडे अडवते. एफ-सेव्हन बारीक, फुलांचे परागकणसुद्धा अडवते, पण लवकर भरते आणि पंख्याला जोर लावावा लागतो. मृणालला मे महिन्यात शिंकांचा त्रास, म्हणून बाहेरच्या बाजूला एफ-सेव्हन आणि आतल्या बाजूला जी-फोर, असं आमचं ठरलं. दर सहा महिन्यांनी नवे. ऑक्टोबर आणि एप्रिल. ऑफिसच्या मीटिंगसारखं कॅलेंडरमध्ये टाकून दिलं.

मधल्या काळात आई गेली. मी पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर बाबा एकटेच राहिले, आणि तीन वर्षांपूर्वी मी हट्ट करून त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. माझ्या मनात होतं, त्यांना इथे करमलं तर दरवर्षी थंडीत आणायचं, व्हिसाचे नियम सांभाळून अर्धं वर्ष तरी आमच्यात ठेवायचं. मृणालनेच पाच वर्षांचा व्हिसा काढायला लावला. ईराची, आमच्या मुलीची, खोली त्यांना दिली. ईरा तेव्हा आठ वर्षांची होती. ती त्यांना आबा म्हणायची आणि "आबा, तुमची चहा झाला" असं सांगत यायची. बाबा तिचं मराठी कधी दुरुस्त करायचे नाहीत. "समजलं ना मला? मग झालं," म्हणायचे.

पण या घरात बाबांना काम नव्हतं. हीच खरी पंचाईत होती, आणि मला ती दिसली नाही. त्यांनी येताना स्क्रूड्रायव्हरचा संच आणला होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी कपाटाची बिजागरी सरळ केली, केटलचं झाकण नीट केलं, शेजारच्या गुजराती काकूंच्या दाराची कडी बसवली. त्यानंतर काही मोडेचना. गरम पाणी बिल्डिंगचं, गॅस नाही, टाकी नाही, मोटर नाही. काही बिघडलं की अ‍ॅपवर तक्रार टाकायची, कुणीतरी येतो. "बापरे," बाबा म्हणाले, "म्हणजे घराला हात लावायचाच नाही?" मी हसून म्हटलं, "आराम करा ना बाबा." हे आराम करा आपण सगळेच आपल्या आईवडिलांना म्हणतो. किती प्रेमाने म्हणतो.

त्या वर्षी आमचे ऑक्टोबरचे फिल्टर राहून गेले होते. बाबांच्या येण्याच्या गडबडीत खोका तसाच कपाटात पडला. जानेवारीत एके दिवशी मी आणि मृणाल ऑफिसला, ईरा शाळेत, आणि बाबांना कपाटातला तो पिवळा दिवा दिसला. त्यांनी पेटीवरचं चित्र पाहिलं, झाकण काढलं, जुने फिल्टर ओढले, शेजारी ठेवलेला नव्यांचा खोका उघडला. आणि मग नागपूरचा कुणीही शहाणा माणूस जे करील तेच त्यांनी केलं. बाथटबमध्ये पाणी सोडून दोन्ही फिल्टर नीट भिजत घातले. दोनेक तासांनी निथळले आणि मशीनमध्ये सरकवले.

संध्याकाळी मी आलो तर बाबा दारातच उभे. इतके खूश मी त्यांना आई गेल्यानंतर पाहिलं नव्हतं.

"तुझं मशीन सर्व्हिस करून टाकलं," ते म्हणाले. "फिल्टर बदलवले. बघ, हवा कशी येऊन राहिली!"

हवा ओल्या पुठ्ठ्याची येत होती. रात्री मशीनने दोनदा घरघर केली आणि लाल दिवा लावून बंद पडलं. मी फिल्टर ओढायला गेलो तर त्यांच्या पुठ्ठ्याच्या चौकटी फुगून खाचेत घट्ट बसल्या होत्या. मी बाबांना काही बोललो नाही. "असू दे, होतं असं," म्हणालो. मला वाटलं मी फार समजूतदारपणा केला.

तिसऱ्या दिवशी बिल्डिंगचा टेक्निशियन आला. पन्नाशीचा, हसतमुख माणूस, चहात दोन चमचे साखर घेणारा. मी घरून काम करत होतो, एक कॉल सोडून उठलो होतो, तो सगळा वैताग माझ्या डोक्यात. टेक्निशियनने फुगलेला फिल्टर पक्कडीने बाहेर काढला आणि आश्चर्याने विचारलं की हा ओला कसा झाला. बाबा त्याच्याजवळ उभे होते. त्याला आतलं दिसावं म्हणून त्यांनी स्वतःच टॉर्च धरला होता, बरोबर कोनातून, त्याच्या हाताची सावली पडणार नाही असा. आणि मी त्यांच्या डोक्यावरून त्या माणसाला म्हणालो, "सॉरी, माय फादर डिड इट. ही इज जस्ट व्हिजिटिंग. ही डझन्ट अंडरस्टँड दीज थिंग्ज."

टेक्निशियन म्हणाला, "नो हार्म डन, मेट." त्याने पंखा पुसला, मशीन चालू केलं, दहा मिनिटांत निघून गेला. नुकसान म्हणावं असं काहीच झालं नव्हतं. बाबांनी टॉर्च बंद केला, खिशात ठेवला आणि खोलीत जाऊन बसले.

बाबांना इंग्रजी येतं. आयटीआयची मॅन्युअल्स इंग्रजीच होती, त्यांनीच ती मराठीत उतरवून मुलांना सांगितली होती. ही डझन्ट अंडरस्टँड दीज थिंग्ज. एका फिटरसमोर त्यांच्या मुलाने त्यांची ही ओळख करून दिली. मी हे वाक्य मराठीत कधीच बोललो नसतो, जीभ वळली नसती. इंग्रजीत ते सहज निघून गेलं, ऑफिसात दुसऱ्या टीमबद्दल बोलावं तसं.

त्यानंतर बाबा रुसले नाहीत, तेच वाईट झालं. रुसले असते तर मी मनवलं असतं. ते फक्त पाहुणे झाले. "टीव्ही लावू का?" विचारायचे. "खिडकी थोडी उघडली तर चालेल?" स्क्रूड्रायव्हरचा संच बॅगेत गेला. शेवटी ईरानेच एकदा जेवताना मला विचारलं, "बाबा, आबा केटल ऑन करायला पर्मिशन का विचारतात?" मृणालने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्यांना सवय नाही ना." ईराला ते पटलं नसावं, कारण केटल तर त्यांनीच दुरुस्त केली होती.

मार्चमध्ये ते गेले. हीथ्रोवर मला म्हणाले, "घर चांगलं आहे तुझं. सांभाळून राहा." मी त्यांना वाकून नमस्कार केला. माफी मागायची होती, पण सिक्युरिटीच्या रांगेत लोक ट्रॉल्या ढकलत होते आणि मला शब्द जुळवता आले नाहीत.

एप्रिलमध्ये फिल्टर बदलायला मी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, खाली, पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं दिसलं. मी गुडघ्यावर बसून वाचलं. फळ्यावर लिहावं तसं सुटं, सरळ अक्षर.

१. फिल्टर कोरडेच बसवावेत. भिजवू नयेत.
२. बाणाची दिशा हवेच्या प्रवाहाप्रमाणे. बारीक जाळीचा बाहेरच्या हवेकडे.
३. चौकट पुठ्ठ्याची आहे. दाबून बसवू नये.

खाली दोन्ही फिल्टरची लांबी, रुंदी, जाडी, मिलिमीटरमध्ये. सही नाही, तारीख नाही. वर्कशॉपमध्ये कुणाच्या हातून चूक झाली की ती सूचनेत लिहून पुढच्या बॅचसाठी भिंतीवर लावायची त्यांची पद्धत होती. चूक कुणाची हे लिहायचं नाही. त्यांनी स्वतःच्या चुकीचंही तेच केलं होतं. मी त्या कपाटासमोर, वॉशिंग मशीनला टेकून, खूप वेळ बसून राहिलो. मृणालने बाहेरून विचारलं, "सापडला का खोका?" मी म्हटलं, "हो."

तुम्हाला वाटेल मी लगेच फोन केला असेन. नाही केला. फोन रोज होत होता, पण त्यात माफीचं ते वाक्य येत नव्हतं. मी विचारायचो, "बाबा, या ऑक्टोबरला येताय ना?" ते म्हणायचे, "बघू." एका वर्षी गुडघा. एका वर्षी शेजारच्या देशपांड्यांकडे लग्न. यंदा घराला रंग. मी त्यांच्याकडे जाऊन आलो, एकदा आठ दिवस, एकदा बारा. तिथे आम्ही दोघं छान बोललो, भाजी आणायला गेलो, आईची कपाटं आवरली. ते वाक्य तिथेही तोंडातून निघालं नाही. इकडे दर सहा महिन्यांनी मी कपाट उघडायचो, सूचना वाचायचो, कोरडे फिल्टर बसवायचो आणि दार लावायचो. सगळं बरोबर करायचो. इतकं एकट्याने बरोबर केलेलं काम मला दुसरं आठवत नाही. नागपुरात एक कूलर निघाला की चार जण कडेने उभे राहून चुका काढायचे, चहा व्हायचा, कुणीतरी पान्हा हरवायचं. इथे फिल्टर बदलायला चार मिनिटं लागतात, आणि त्या चार मिनिटांत मला जितकं एकटं वाटतं तितकं एरवी वर्षभरात वाटत नाही.

या वर्षी एप्रिलमध्ये मी फिल्टर बदलले नाहीत. आधी नुसताच आळस होता. ऑगस्टच्या सुरुवातीला दिवा लागला, तरी मी हलेना. मृणाल म्हणाली, "अरे, खोका आणून ठेवलायस, बदल ना." मी म्हटलं, करतो. रविवारी सकाळी दार उघडलं, खाली बसलो, आणि फिल्टरऐवजी फोन हातात घेतला.

"बाबा, मशीनचा दिवा लागलाय," मी म्हणालो.

"मग बदलव."

"मला जमत नाहीये."

पलीकडे बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग ते म्हणाले, "काऊन खोटं बोलून राहिला? सहा वर्षं झाली, तूच बदलवतो."

आता ते वाक्य अडवायला काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी त्या माणसासमोर जे बोललो ते फार चुकलं. तुम्हाला यातलं कळत नाही असं मी म्हणालो. मला लाज वाटते. तुम्ही दारावर लिहिलेलं मी दर वेळी वाचतो."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग खाकरले. "चूक माझीच होती ते," म्हणाले. "पुठ्ठा आहे हे हाताला कळायला पाहिजे होतं. तीस वर्षं पोरांना सांगितलं, आधी मटेरियल ओळखा म्हणून." पुन्हा खाकरले. "पण तू तसं नव्हतं बोलायला पाहिजे."

"हो," मी म्हटलं.

"दिवा किती दिवसांपासून आहे?"

"तीन आठवडे."

"आवाज बदलला का पंख्याचा?"

"नाही."

"मग काही होत नाही. हात लावू नको आता," बाबा म्हणाले. "मी आल्यावर बघतो."

त्यांनी तिकीट स्वतःच काढलंय, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याचं, व्हिसाला अजून दोन वर्षं आहेत. मी ग्रुपवर कुणाला काही सांगितलेलं नाही, नाहीतर सगळे मला फिल्टर बदलायला शिकवतील. खोका बुटांच्या कपाटावर तसाच आहे, सील न तोडलेला. काल तोच टेक्निशियन दुसऱ्या कामाला आला होता, त्याने दिवा पाहून विचारलं, मी बदलून देऊ का. मी त्याला सांगितलं की माझे वडील येताहेत, ते करतील. त्याला आठवलं असावं. चहा पिऊन गेला.

घर कशाला म्हणायचं हे मी सतरा वर्षं वेगवेगळ्या गोष्टींत शोधत आलोय. हल्ली मला वाटतं, जिथे आपलं काम कुणीतरी आपल्यासाठी राखून ठेवतं, ते घर. नागपूरला माझ्यासाठी राखून ठेवावं असं कुठलंच काम मी मागे ठेवून आलो नाही, ही चुटपुट मला आहे आणि ती राहील. इथे मी बाबांसाठी एक काम ठेवलंय. मृणाल आज सकाळी टीव्हीच्या टेबलावर बोट फिरवून मला धूळ दाखवत होती. अजून सात आठवडे आहेत. तोवर साचेल थोडी धूळ. साचू दे.